अहिराणी चित्रपटाला परदेशी सहनिर्माता मिळेल का, आणि तो पैसे देतो म्हणजे नेमकं काय देतो?

तुम्ही लिहिलंय की अहिराणीतली पटकथा तयार आहे. आखाजीला (खानदेशातली अक्षय्य तृतीया) माहेरी आलेल्या सासुरवाशिणीची गोष्ट, शूटिंग अमळनेर-पारोळा पट्ट्यात, बजेट सव्वा कोटी आणि हातात 35 लाख. उरलेले 90 लाख एखादा युरोपियन सहनिर्माता देईल का, हा तुमचा प्रश्न.

90 लाख रोख तुमच्या खात्यात टाकणारा कुणी भेटणार नाही. सहनिर्माता हा फायनान्सर नसतो, त्याच्या स्वतःच्या खिशात फारसं काही नसतंच. तो त्याच्या देशातल्या फंडाकडे, टीव्ही वाहिनीकडे, कधी प्रांतिक मंडळाकडे अर्ज करतो. या लोकांची बहुतेक वेळा एकच अट असते: पैशाचा बराचसा भाग आमच्याच देशात खर्च झाला पाहिजे. त्यामुळे परदेशी पैसा येतो तो कामाच्या रूपात.

आता तुमचं बजेट समोर ठेवा आणि त्यातली परदेशात होऊ शकणारी कामं वेगळी काढा. जेवणावळ, गाड्या, कलाकार, कला विभाग हे सगळं इथेच राहणार. बाहेर जाऊ शकतं ते साउंड डिझाइन आणि मिक्सिंग, कलर ग्रेडिंग, संगीत, फार तर संकलन किंवा छायाचित्रकार. समजा यातलं पोस्टचं (शूटिंगनंतरचं) काम मुंबईत 15 लाखांत होतंय आणि पॅरिसला त्यालाच 40 लाख पडतात (आकडे फक्त हिशेब समजावा म्हणून घेतलेत). फ्रेंच निर्माता ते 40 लाख उभे करतो. कागदावर तुमचं बजेट सव्वा कोटीवरून दीड कोटी होतं आणि त्याचा वाटा 27 टक्के दिसतो. तुमचे वाचले मात्र 15 लाखच. म्हणजे 90 लाखांचा खड्डा 75 वर आला. पहिल्याच मेलमधला मोठा आकडा बघून हुरळून जाणाऱ्यांची फसगत इथेच होते.

मग कशाला हा खटाटोप? उत्तम साउंड मिळतो, महोत्सवांच्या निवडकर्त्यांपर्यंत ओळखीचा माणूस पोचतो, सेल्स एजंट (देशोदेशी चित्रपटाचे हक्क विकणारा) फोन उचलतो. शिवाय काही पैसा खरंच इथे खर्च करता येतो. रॉटरडॅम चित्रपट महोत्सवाचा ह्यूबर्ट बाल्स फंड पटकथा आणि प्रकल्प-विकासासाठी 10,000 युरो देत आला आहे. युरो 100 रुपये धरला तर दहा लाख. तुमच्या आकाराच्या चित्रपटाला तेवढ्यात पुनर्लेखन, लोकेशन आणि निवडचाचण्या निघून जातात. फ्रान्सच्या सीएनसी या सरकारी चित्रपट संस्थेचा ‘एद ओ सिनेमा दु मोंद’ हा मोठा फंड आहे. निर्मितीसाठी त्याची कमाल मर्यादा 3 लाख युरो, पण त्यात अर्ज फ्रेंच कंपनीच करते. पहिल्या-दुसऱ्या चित्रपटांची समिती वेगळी आहे, म्हणजे नवख्यांना तिथे नावाजलेल्यांशी झुंजावं लागत नाही. नॉर्वेच्या सोरफोंड या फंडालाही नॉर्वेचाच निर्माता सोबत लागतो.

भाषेची भीती सोडा. 2025 च्या सनडान्स या अमेरिकेतल्या महोत्सवात जागतिक कथाचित्रपट विभागाचं ग्रँड ज्युरी पारितोषिक मिळालेला मराठी ‘साबर बोंडं’ ही भारत, ब्रिटन आणि कॅनडाची सहनिर्मिती आहे. मराठी काय, अहिराणी काय, परक्याला दोन्ही सबटायटलमधूनच कळणार.

सरकारी सहनिर्मिती करार हा वेगळा विषय. फ्रान्स, जर्मनी, इटली, ब्रिटन, कॅनडा अशा बऱ्याच देशांशी भारताचे करार आहेत. त्याखाली मान्यता मिळाली की चित्रपट दोन्ही देशांत ‘देशी’ ठरतो. पण मंजुरी शूटिंगच्या आधी घ्यावी लागते, वाट्याची किमान टक्केवारी असते (ब्रिटनच्या करारात 20) आणि पैशाच्या प्रमाणात त्या देशाची माणसं कामावर घ्यावी लागतात. एनएफडीसी या केंद्राच्या चित्रपट विकास महामंडळाच्या फिल्म फॅसिलिटेशन ऑफिसमार्फत मिळणारं केंद्राचं प्रोत्साहन ही खर्चाची परतफेड आहे. आधी स्वतःचे घाला, मागाहून मिळतील. माझ्या मते सव्वा कोटीच्या चित्रपटाने या सरकारी मान्यतेच्या फंदात पडू नये, वकिलाची फीच जड होते. दोन कंपन्यांमधला साधा करार पुरतो, फक्त समोरच्याचा फंड सरकारी मान्यता मागत नाही ना, हे आधी विचारून घ्या.

माणूस शोधायचा कुठे? सगळ्यात जवळचं दार गोव्याचं. इफ्फीच्या (भारताचा आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव) जोडीने नोव्हेंबरमध्ये एनएफडीसीचा फिल्म बाजार भरतो, 2007 पासून; आता त्याचं नाव ‘वेव्हज फिल्म बाजार’. भुसावळहून गोवा एक्स्प्रेसने मडगावला उतरा, पुढे पणजी. को-प्रॉडक्शन मार्केटमध्ये निवड झाली तर भेटी तेच ठरवून देतात. नाही झाली तरी डेलिगेट म्हणून जाता येतं. जाण्याआधी गेल्या चार-पाच वर्षांतले आशियाई दिग्दर्शकांचे पहिले चित्रपट काढा, शेवटच्या श्रेयनामावलीत कुठल्या युरोपियन कंपन्या आहेत ते टिपून घ्या. अशा दहा-बारांनाच लिहा. दोनशे जणांना एकच मेल सीसीत टाकलेला ओळखायला अर्धं मिनिट लागतं.

मेल आठ ओळींचा, सोबत 15 पानांच्या आतली एकच पीडीएफ: लॉगलाइन (एका-दोन वाक्यांत कथा), एका पानाचा कथासार, दिग्दर्शकाचं मनोगत, युरोतलं बजेट, फायनान्स प्लॅन, आधीच्या कामाची लिंक. फायनान्स प्लॅनमध्ये ‘खात्रीचे’ आणि ‘अपेक्षित’ हे रकाने वेगळे ठेवा. तुमचे 35 लाख खात्रीचे, आणि ते बँक स्टेटमेंटने दाखवता आले पाहिजेत. स्वतःचा वाटा शून्य असलेल्याला कुणी उभं करत नाही. आकस्मिक खर्चाचे 10 टक्के लावायला विसरू नका. ते नसले की बजेट अनुभव नसलेल्याने केलंय हे पहिल्या पानावर कळतं. पटकथा इंग्रजीतच जाईल, पण दोन पानांचा प्रसंग अहिराणीत ठेवा आणि तो गावातल्या बायकांकडून वाचून घेऊन ध्वनिमुद्रण जोडा. ‘आखाजी’ला तळटीप देऊ नका. निंबाला बांधलेला झोका, गौराईची गाणी आणि परतीच्या गाडीची वेळ एका प्रसंगात आली की वाचणाऱ्याला सगळं उमगतं.

गाण्यांवरून आठवलं. आखाजीची गाणी पारंपरिक म्हणून मोकळी, असं समजू नका. शब्द लोकांचे असतील, पण यूट्यूबवरचं ध्वनिमुद्रण आणि नव्याने बांधलेली चाल कुणाच्या तरी मालकीची असते. परदेशी वकील हक्कांची सगळी साखळी तपासतो: कथा, पटकथा, गाणी, प्रत्येकाचा सहीचा कागद. एक दुवा नसला तरी पैसे अडतात. गावातल्या आजींकडून गाऊन घ्या आणि साध्या मराठीत लिहिलेल्या संमतिपत्रावर त्यांची सही किंवा अंगठा घ्या.

कंपनी हवीच, एलएलपी किंवा प्रायव्हेट लिमिटेड. व्यक्तीच्या बचत खात्यावर परदेशी अनुदान मागवू नका. परदेशी देणगीला एफसीआरएचा कायदा लागू होतो. व्यवसायातल्या सेवेचा मोबदला म्हणून आलेल्या रकमेची गोष्ट वेगळी. पैसा नेमका कशापोटी येतोय हे कराराच्या भाषेवर ठरतं, म्हणून सही करण्याआधी मसुदा सीएला दाखवा, नंतर नव्हे.

करारात हक्कांची वाटणी साधारण अशी असते: भारत तुमचा, त्याचा देश त्याचा, उरलेलं जग सेल्स एजंटमार्फत आणि वसुली गुंतवणुकीच्या प्रमाणात. एजंटचं कमिशन आणि त्याचा प्रसिद्धीखर्च आधी वळता होतो, त्या खर्चाला कमाल मर्यादा लिहून घ्या. फंडाचे पैसे हप्त्यांनी येतात आणि शेवटचा हप्ता चित्रपट पूर्ण करून दिल्यावर. तोवर गाडीवाला आणि केटरर थांबणार नाहीत, तेव्हा तेवढी रोकड इथेच उभी करायला हवी.

या सगळ्याला दोन-तीन वर्षं सहज जातात. आखाजी येते वैशाखात, एप्रिल-मेच्या 44-45 अंशांत, आणि एक चुकली की पुढची वर्षाने. येत्या आखाजीला शूटिंग धरू नका, पण एक कॅमेरा आणि एक साउंड रेकॉर्डिस्ट घेऊन दोन दिवस झोके, घागरी, गाणी टिपून ठेवा. त्याला ‘टेस्ट फुटेज’ असंच नाव द्या, कारण शूटिंग सुरू झालेला प्रकल्प बरेच फंड घेत नाहीत. त्यातली तीन मिनिटं कापून गोव्याच्या अर्जाला जोडा.