टीकिंटरमध्ये पहिला चेकबॉक्स लावताना

टीकिंटर म्हणजे पायथनमध्ये खिडक्या-बटणं बनवायची लायब्ररी. रंग-फॉन्ट सध्या राहू द्या. टिक आहे की नाही, हे चेकबॉक्सला नाही, त्याला जोडलेल्या व्हेरिएबलला विचारायचं. आधी बूलियनव्हार (खरं-खोटं साठवणारा टीकिंटरचा व्हेरिएबल) बनवा आणि त्याची किंमत 'गेट'नेच वाचा. थेट 'इफ'मध्ये टाकलात तर अट कायम खरीच ठरते.

नवशिके हमखास अडकतात ते इथे:

- 'कमांड'ला (क्लिक झाल्यावर काय चालवायचं ते सांगणारा पर्याय) फंक्शनचं नुसतं नाव द्या. पुढे कंस लावलात की ते लगेच चालून मोकळं होतं, मग क्लिक करत बसा!
- बूलियनव्हार फंक्शनच्या आतच राहिला, तर फंक्शन संपताच पुसला जातो. क्लास असेल तर 'सेल्फ'वर ठेवा. सगळ्यात जास्त डोकं हेच खातं, कारण एररही येत नाही.
- लूपमध्ये प्रत्येक चेकबॉक्सला वेगळा व्हेरिएबल.

ऑनव्हॅल्यू, ऑफव्हॅल्यू (टिक असताना आणि नसताना व्हेरिएबलला मिळणाऱ्या किमती) नंतर बघू. आज एकच चेकबॉक्स चालवून दाखवा.