कमरेवरचे शिसे आणि रबरी पट्टा : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : गेल्या हिवाळ्यात मी श्वास रोखून बुडी मारण्याचे, म्हणजे फ्रीडायव्हिंगचे, प्राथमिक प्रशिक्षण घेतले. तेथे वापरायला दिलेला नायलॉनचा वजनपट्टा (खाली उतरणे सोपे जावे म्हणून शिशाचे ठोकळे ओवलेला पट्टा) डोके खाली करून उतरताना छातीकडे सरकत असे आणि वर येईपर्यंत त्याचे बकल पाठीमागे गेलेले असे. प्रशिक्षकांनी रबरी पट्टा घेण्याचा सल्ला दिला. तो खरोखर आवश्यक आहे का, कोणता घ्यावा आणि त्यात किती शिसे असावे?
– एक वाचक, पुणे

उत्तर : पट्टा सरकला तो तुम्ही निष्काळजीपणे बांधला होता म्हणून नव्हे. पृष्ठभागापासून १० मीटर खाली गेल्यावर शरीरावरचा दाब दुप्पट होतो आणि २० मीटरवर तिप्पट. वेटसूटचे, म्हणजे बुडी मारताना घालायच्या अंगाला घट्ट बसणाऱ्या पोशाखाचे, निओप्रीन हे वायूच्या बारीक बुडबुड्यांनी भरलेले रबर असल्यामुळे ते या दाबाखाली पातळ होते, शिवाय फुप्फुसांतली हवा आकसल्याने पोट आणि छातीचा खालचा भागही आत ओढला जातो. होडीवर ज्या कमरेला पट्टा नेमका बसला होता ती कंबर खाली गेल्यावर तेवढी राहिलेलीच नसते. नायलॉनला ताण नाही, म्हणून तो तेथे सैल पडतो आणि उलट्या शरीरावरून छातीकडे घसरतो. रबरी पट्टा मात्र मुळातच थोडा ताणून बांधलेला असतो आणि शरीर आकसले की तोही आकसत जातो. एवढ्या एका गुणासाठी फ्रीडायव्हिंग करणाऱ्याने तो घ्यावा, असे मी निःशंकपणे सांगेन.

नायलॉनचा पट्टा अधिक आवळून हा दोष झाकता येतो, परंतु मग श्वासाची अडचण होते. बुडीपूर्वीचा शेवटचा मोठा श्वास पोटापासून घ्यायचा असतो. श्वासपटल खाली उतरते तेव्हा पोटाला पुढे येण्यास जागा लागते आणि बेंबीच्या उंचीवर करकचून बांधलेला पट्टा ती जागाच देत नाही. रबरी पट्टा बांधण्याची जागा म्हणूनच कंबर नसून तिच्याखालचे खुब्याचे हाड आहे. आपण साडीचा किंवा धोतराचा काचा जेथे बांधतो त्याहून तो चांगला चार बोटे खाली असावा. तो तेथे बांधून एक पूर्ण श्वास घेऊन पाहावा. पोटाला पट्टा जाणवला, तर तो अजून वर आहे.

निवडीत पहिला विचार रबराचा करावा. बाजारात नैसर्गिक रबर आणि सिलिकॉन हे दोन्ही प्रकार मिळतात. नैसर्गिक रबर फाटण्यास चिवट असते, परंतु ऊन आणि हवेतला ओझोन यांमुळे, विशेषतः ताणलेल्या अवस्थेत राहिल्यास, त्यावर बारीक भेगा पडतात. सिलिकॉन उन्हाला चांगले टिकते, पण त्याला एकदा चीर पडली की ताण येताच ती झपाट्याने वाढते. शिशाच्या ठोकळ्याची खडबडीत कड, होडीचा पत्रा आणि कातळ यांच्याशी सतत संबंध येणार असेल, तर माझी पसंती जाड नैसर्गिक रबराला आहे. पट्ट्याची रुंदी साधारण ५ सेंटीमीटर असते आणि ठोकळ्यांच्या खाचाही त्याच मापाच्या असतात. तरीही ठोकळे पट्ट्यासोबतच विकत घ्यावेत आणि दुकानातच ओवून पाहावेत, कारण रबर नायलॉनपेक्षा जाड असल्यामुळे अरुंद खाचेतून ते जात नाही.

बकलाचे दोन प्रकार प्रामुख्याने दिसतात. एकात पटकन उचलायची खटक्याची पट्टी असते. दुसरे मार्सेय पद्धतीचे, फ्रान्समधल्या त्या बंदराच्या नावाने ओळखले जाणारे बकल. पँटच्या पट्ट्याप्रमाणे त्यात भोके आणि काटा असतो, मात्र मोकळे टोक जोरात ओढले की काटा सुटतो आणि पट्टा गळून पडतो. मार्सेय बकल आपोआप सुटत नाही आणि प्रत्येक वेळी त्याच भोकात बसते, म्हणून मला ते आवडते. पण ते सोडण्याचा सराव हाताला असावा लागतो. धातूचे बकल घेताना ३१६ प्रतीचे स्टेनलेस स्टील मागावे, कारण खाऱ्या पाण्यात साध्या प्रतीच्या स्टीलवर लवकर खड्डे पडतात. माप वेटसूट घालून खुब्याभोवती घ्यावे. पट्टा ताणून बांधल्यावर वीतभर टोक मोकळे राहिले पाहिजे, कारण संकटात हाताला लागणार ते हेच. त्याहून अधिक लांबी असेल तर ती कापून टाकावी, लोंबती ठेवू नये.

आता शिशाविषयी, कारण पट्ट्याच्या निवडीपेक्षा या बाबतीतली चूक अधिक महाग पडते. नवशिका लवकर खाली जाता यावे म्हणून वजन वाढवतो. फुप्फुसांत वर ६ लिटर हवा असेल तर १० मीटरवर तिचे आकारमान ३ लिटर होते, म्हणजे केवळ फुप्फुसांमुळेच सुमारे ३ किलोची तरंगशक्ती जाते. वेटसूटची जाते ती वेगळी. याचा अर्थ, वर जे वजन हलके वाटत होते तेच खाली जड होते आणि परतताना पायांना ते उचलून आणावे लागते. परतीच्या प्रवासात दाब उतरतो तसा फुप्फुसांतल्या प्राणवायूचा दाबही उतरतो, आणि शेवटच्या १० मीटरमध्ये तो जवळजवळ निम्मा होतो. श्वास रोखून बुडी मारणारे बहुतेक वेळा याच टप्प्यात किंवा पृष्ठभागावर पोहोचल्यावर शुद्ध हरपतात. अशा क्षणी नेमके वजन लावलेला माणूस वर तरंगतो आणि जोडीदाराच्या हाती लागतो, जास्त शिसे लावलेला मात्र पुन्हा खाली जाऊ लागतो. माझ्या दृष्टीने कमी वजन लावण्याचे दुसरे कोणतेही कारण सांगण्याची गरज नाही.

प्रत्यक्षात वजन ठरवायचे ते असे. सर्व साहित्य घालून पृष्ठभागावर उभे राहावे, श्वास सहज सोडून द्यावा आणि स्थिर राहावे. तरीही डोके पाण्यावर राहिले पाहिजे. त्यानंतर जोडीदार वर असताना, पूर्ण श्वासाने दोरीला धरून १० मीटरवर जावे आणि हात सोडावा. शरीर वर जात नाही आणि खालीही जात नाही, तर वजन बरोबर आहे. खाली जात असेल तर शिसे काढावे. १ किलोपासून सुरुवात करून अर्ध्या-अर्ध्या किलोने वाढवत जावे. पहिले काही मीटर उतरायला थोडे कष्ट पडले तरी ते सोसावेत, कारण तेव्हा छातीत प्राणवायू भरपूर असतो.

आणि तुम्ही तरणतलावात सराव करून नंतर समुद्रात जाणार असाल, तर तलावातले वजन तेथे चालणार नाही. समुद्राचे पाणी गोड्या पाण्यापेक्षा सुमारे अडीच टक्के घन असते, म्हणून ७५ किलोच्या माणसाला समुद्रात जवळपास २ किलो अधिक लागू शकतात. उलट दिशेने विचार केला तर हे अधिक गंभीर आहे : समुद्रातला पट्टा तसाच बांधून एखाद्या तळ्यात किंवा खाणीच्या पाण्यात उतरणारा माणूस नकळत २ किलो जास्त घेऊन उतरतो.

प्रश्न : मी स्कूबा डायव्हिंग, म्हणजे पाठीवर हवेचा सिलिंडर घेऊन बुडी मारणे, करते. मालवणला आणि एकदा मुरुडेश्वरजवळच्या नेत्राणी बेटाशी बुड्या मारल्या आहेत. आम्हालाही रबरी पट्टा उपयोगी पडेल का? पट्टा संकटात सोडायचा असतो असे सांगतात, पण तो सोडायचा सराव कोणीच करून घेतला नाही.
– एक वाचिका, कोल्हापूर

उत्तर : उपयोगी पडेल, पण फ्रीडायव्हरला जितका पडतो तितका नाही, कारण तुम्ही बहुतेक वेळ आडव्या असता आणि तरंगशक्ती हवा भरता-सोडता येणाऱ्या जॅकेटने सांभाळता. तुमच्यासाठी लक्षात ठेवण्याची गोष्ट वेगळी आहे : सिलिंडर रिकामा होत जातो तसा तो हलका होतो. ११ लिटरचा सिलिंडर २०० बार (बार हे दाबाचे एकक) पासून ५० बारपर्यंत वापरला तर सुमारे २ किलो हवा कमी झालेली असते. म्हणून वजनाची परीक्षा बुडीच्या शेवटी, सिलिंडरमध्ये ५० बार उरलेले असताना करावी. जॅकेट पूर्ण रिकामे करून, साधा श्वास रोखून उभे राहिल्यावर पाणी डोळ्यांच्या पातळीला यावे, आणि श्वास सोडल्यावर हळूहळू खाली जाता यावे. आपल्या किनाऱ्यावरच्या उथळ बुड्यांत लोक जास्त शिसे मागतात, कारण ३-४ मीटरवर शरीर वर ओढले जाते; त्यांना बहुधा अधिक शिशाची नव्हे, तर शांतपणे पूर्ण श्वास सोडण्याची गरज असते.

दुसरा मुद्दा तुम्ही अचूक पकडला आहे आणि त्याबद्दल मला खरोखर काळजी वाटते. जो पट्टा सोडण्याचा सराव झालेला नाही तो संकटात सुटत नाही, कारण घाबरलेला हात नवे काही शिकत नाही. रूढी अशी आहे की बकल उजव्या हाताने सुटेल असे बांधावे, म्हणजे जोडीदारालाही ते न शोधता सापडते. पट्टा सर्व साहित्याच्या वर असला पाहिजे; जॅकेटचा पायांमधून जाणारा पट्टा असेल तर तो आधी आणि वजनपट्टा नंतर, अन्यथा सुटलेले शिसे तेथेच अडकून राहील. सराव छातीइतक्या पाण्यात, वाळूच्या तळावर, डोळे मिटून करावा : आधी उजव्या हाताने, मग डाव्या हाताने, शेवटी हातमोजे घालून. सोडताना पट्टा शरीरापासून दूर धरून मगच टाकावा. खाली प्रवाळ किंवा कोणी माणूस नाही ना, हे सरावात तरी नक्की पाहावे.

ठोकळे दोन्ही खुब्यांवर समान वाटावेत. पाठीच्या कण्यावर मधोमध ठोकळा ठेवू नये, तेथे सिलिंडर टेकतो आणि दुखते; पुढे बकलाजवळची जागाही मोकळी ठेवावी. होडीवर पट्टा देताना बकलाचे टोक खाली आणि मोकळे टोक वर धरून द्यावा. उलटा धरला तर ठोकळे मोकळ्या टोकातून ओघळून पायावर पडतात.

प्रश्न : माझ्या रबरी पट्ट्याला दुसऱ्याच वर्षी भेगा पडल्या. मी तो दर वेळी धुतो. चूक कोठे होते?
– एक वाचक, वेंगुर्ले

उत्तर : धुता ते योग्यच आहे, पण बहुधा वाळवताना चूक होत असावी. होडीच्या कठड्यावर, उन्हात, शिसे लटकत ठेवून वाळवलेला पट्टा दिवसभर ताणात आणि उन्हात राहतो, आणि रबरासाठी याहून वाईट जोडी नाही. प्रत्येक फेरीनंतर ठोकळे काढावेत, पट्टा गोड्या पाण्यात बुडवून ठेवावा, बकलाच्या काट्याखालचे मीठ ब्रशने काढावे आणि सावलीत सपाट पसरून वाळवावा. सनस्क्रीन, खोबरेल आणि इंजिनाचे तेल रबराला लागू देऊ नये. लागले तर सौम्य साबणाने लगेच धुवावे. पावसाळ्यात बुड्या बंद असतात तेव्हा पट्टा टाल्कम पावडर लावून, घडी न घालता सैल गुंडाळून, विजेच्या मोटारीपासून दूर ठेवावा, कारण तिच्या ठिणग्यांतून ओझोन तयार होतो. ठोकळे पुन्हा ओवताना रबराला साबणाचे पाणी लावले की ते सहज सरकतात. रंगाचा किंवा प्लास्टिकचा लेप नसलेले शिसे हाताळल्यावर जेवणापूर्वी हात स्वच्छ धुवावेत.

सध्याच्या पट्ट्याची परीक्षा अशी करा : भोकांजवळचा भाग बोटांनी ताणून प्रकाशासमोर धरा. भोकाच्या कडेपासून बाहेर जाणारी एकही चीर दिसली तर तो पट्टा पाण्यात नेऊ नका. बकल काढून ठेवा, ते नव्या पट्ट्याला चालेल.