वाचक विचारतात : ‘टॉकिंग हेड्स’ ऐकावे कसे?

मागील एका अंकात ‘टॉकिंग हेड्स’ या अमेरिकी न्यू वेव्ह बँडचा या सदरात ओझरता उल्लेख झाला होता. त्यावर मराठवाड्यातून पत्रे आली, आणि त्यांतली निम्मी तक्रारीची होती. तक्रार करणाऱ्यांनी गाणी मन लावून ऐकलेली दिसतात, म्हणून सुरुवात त्यांच्यापासूनच करतो.

प्रश्न : नातवाने मला ‘रिमेन इन लाइट’ हा अल्बम ऐकवला. पहिले गाणे जेथे सुरू झाले, तेथेच शेवटपर्यंत उभे राहिले. चाल काही पुढे सरकेना. गायक तर गातच नाही, नुसता बोलतो. दोष माझ्या कानाचा, की गाण्याचा?
— एक निवृत्त शिक्षिका, परभणी

उत्तर : बाई, दोष कोणाचाच नाही. गाणे जागचे हलत नाही हे आपण अचूक ओळखले आहे, आणि ते तसे मुद्दामच केलेले आहे. ऑक्टोबर 1980 मध्ये आलेल्या या अल्बममध्ये आठ गाणी आहेत. त्याआधीच्या तीन अल्बममध्ये या मंडळींनी इतरांसारखीच धृपद-कडव्यांची गाणी केली होती. या वेळी मात्र बहामा बेटांवरील नासाऊ येथील स्टुडिओत ते तयार गाणे हाती न घेताच गेले. चार-सहा स्वरांचा एखादा तुकडा सतत वाजवत राहायचा, त्याच्या फटींत दुसऱ्याने आपला तुकडा बसवायचा, तिसऱ्याने त्या दोघांच्या मधली जागा शोधायची, आणि शब्द सर्वांत शेवटी यायचे, अशी ती रीत होती. निर्माते ब्रायन इनो आणि गायक डेव्हिड बर्न या दोघांनाही तेव्हा नायजेरियाच्या फेला कुटी यांच्या अफ्रोबीट संगीताने झपाटलेले होते, आणि त्या संगीतात एकाच स्वरमेळावर दहा-पंधरा मिनिटे सहज निघून जातात.

मग अशा गाण्यात ऐकायचे काय? याचे उत्तर आपल्या गावात आहे असे मला वाटते. अखंड हरिनाम सप्ताहात पहाटे तीनच्या पहाऱ्याला पाच-सहाच माणसे उरलेली असतात. वीणा खाली ठेवायची नसते आणि नाम थांबवायचे नसते, त्यामुळे चाल तीच चालू राहते. अशा वेळी मंडपाच्या खांबाला टेकून जरा कान द्यावा. एक टाळकरी मात्रेच्या केसभर मागे टाळ मिटतो, दुसरा मधली एक मात्रा मोकळी सोडतो, पखवाजी त्या मोकळ्या जागेत हलकेच थाप टाकतो, आणि तीच चाल क्षणभर वेगळी भासते. ‘बॉर्न अंडर पंचेस’ हे अल्बममधले पहिले गाणे याच कानाने ऐकून पाहा. बासचे, म्हणजे खालच्या सुरांच्या गिटारचे, स्वर मोजकेच आहेत, पण ते जेथे थांबतात तेथे कोण शिरतो याकडे लक्ष ठेवले, तर गाणे हलताना दिसेल. हे साम्य ऐकण्याच्या पद्धतीपुरतेच आहे, उगमाचे नव्हे. उत्साहाच्या भरात दोन्हींचे नाते जोडू नये.

बोलण्याविषयी सांगायचे तर ‘वन्स इन अ लाइफटाइम’ या गाण्यासाठी बर्न यांनी अमेरिकी रेडिओवरील ख्रिस्ती धर्मोपदेशकांची धाटणी उचलली. हे घर माझे कसे झाले, ही बायको माझी कशी झाली, मी येथवर आलो कसा, असे प्रश्न तो माणूस चढत्या आवाजात विचारत जातो आणि त्यानंतर सारे मिळून धृपद उचलतात. निरूपण करता करता कीर्तनकार आवाज चढवत नेतो आणि मागच्या टाळकऱ्यांकडे चाल सोपवतो, ते आपण शेकडो वेळा ऐकले असेल. त्या जागी आपण ‘हा गात का नाही’ असे कधी विचारलेले नाही.

प्रश्न : न्यू वेव्ह आणि पंक यांत फरक काय?
— एक वाचक, लातूर

उत्तर : दोन्हींचे घर एकच होते. न्यूयॉर्कच्या बावरी भागातील ‘सीबीजीबी’ हा लहानसा क्लब ग्रामीण अमेरिकी संगीतासाठी म्हणून निघाला, आणि त्याच्या नावातली आद्याक्षरे कंट्री, ब्लूग्रास आणि ब्लूज यांची आहेत. नशीब असे की तो गाजला पंक या झटपट, रांगड्या रॉकमुळे. जून 1975 मध्ये ‘टॉकिंग हेड्स’नी आपला पहिला कार्यक्रम तेथेच, ‘रमोन्स’ या पंक बँडच्या आधी केला. रमोन्स चामडी जाकिटे घालून दोन मिनिटांत गाणे उरकत, तर हे लोक इस्त्रीचे साधे शर्ट घालून अवघडल्यासारखे उभे राहत. ‘पंक’ या शब्दाने रेडिओवाले बिचकतात हे ध्यानात आल्यावर रेकॉर्ड कंपन्यांनी ‘न्यू वेव्ह’ ही पाटी पुढे केली. ती विक्रीची पाटी होती, तिच्यात शास्त्र फारसे शोधू नये.

प्रश्न : मी बास गिटार शिकतो. या बँडविषयी बोलताना सगळे डेव्हिड बर्न यांचेच नाव घेतात. बाकीचे तिघे नुसते साथीला होते का?
— एक विद्यार्थी, अंबाजोगाई

उत्तर : आपण बास शिकता, म्हणून हा प्रश्न आपल्याला पडला. बर्न, ड्रमवादक क्रिस फ्रांट्झ आणि टीना वेमाउथ हे तिघे ऱ्होड आयलंड स्कूल ऑफ डिझाइन या कलाशाळेत एकत्र होते. न्यूयॉर्कला आल्यावर बास वाजवणारे कोणी मिळेना, तेव्हा टीना यांनी ते वाद्य हाती घेतले आणि बँडमध्ये राहूनच त्या ते शिकल्या. जेरी हॅरिसन 1977 मध्ये आले. त्याच वर्षीच्या पहिल्या अल्बमवरील ‘सायको किलर’ काढून ऐका. सुरुवातीला एकटा बास सरळ, न डगमगता पावले टाकतो, आणि बर्न यांचा कावराबावरा आवाज त्यावर येऊन टेकतो. तो बास तसा शांत नसता, तर या आवाजाची भीतीच वाटली नसती. नवशिक्या वादकाला सगळ्या मात्रा भरून काढण्याची घाई असते, टीना यांच्या वादनात ती नाही. पुढे 1981 मध्ये टीना आणि फ्रांट्झ या दांपत्याने ‘टॉम टॉम क्लब’ हा स्वतःचा बँड काढला. त्याचे ‘जीनियस ऑफ लव्ह’ इतके टिकले की त्याचाच तुकडा घेऊन गायिका मराया कॅरी यांचे 1995 मधले ‘फँटसी’ उभे राहिले.

बर्न यांचे शब्द आणि त्यांची नजर यांच्यावाचून हा बँड झाला नसता, हे खरेच. परंतु श्रेयनामावलीत कोणाचे नाव कोठे यावे यावरून ‘रिमेन इन लाइट’च्या वेळी वाद झाला होता, आणि माझे मत विचाराल तर मी वाजवणाऱ्यांच्या बाजूचा आहे.

प्रश्न : ‘स्टॉप मेकिंग सेन्स’ हा चित्रपट पाहावा का? आणि हे चौघे पुन्हा एकत्र येतील का?
— एक वाचक, नांदेड

उत्तर : चित्रपट अवश्य पाहावा, शक्यतो मोठ्या पडद्यावर. तो या बँडच्या मैफलीचाच चित्रपट आहे, आणि दिग्दर्शक जोनाथन डेमी यांनी डिसेंबर 1983 मध्ये हॉलिवूडच्या पँटाजेस थिएटरमध्ये तो चित्रित केला. रिकाम्या रंगमंचावर बर्न एकटेच येतात, एक टेप रेकॉर्डर खाली ठेवतात आणि गिटार छेडतात. दुसऱ्या गाण्याला टीना येतात, तिसऱ्याला फ्रांट्झ, चौथ्याला हॅरिसन. मागे कामगार चौथरे ढकलत आणतात आणि तेही आपल्याला दिसते. हळूहळू नऊ जण होतात. पहिल्या पत्रातल्या बाईंना कानाने जे शोधायला सांगितले, ते येथे डोळ्यांनी दिसते. प्रेक्षकांचे चेहरे मात्र जवळजवळ शेवटपर्यंत दाखवलेले नाहीत, त्यामुळे कोठे टाळी वाजवायची हे कोणी सांगत नाही. बर्न यांचा तो अवाढव्य कोट सर्वांना आठवतो. त्याची कल्पना त्यांना ‘नो’ या पारंपरिक जपानी नाट्यप्रकारावरून सुचली.

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर लहान आहे. बँड 1991 मध्ये अधिकृतपणे संपला. 2002 मध्ये रॉक अँड रोल हॉल ऑफ फेमच्या समारंभात चौघांनी एकत्र वाजवले. 2023 मध्ये या चित्रपटाच्या नव्या प्रतीच्या निमित्ताने ते टोरांटोत एका मंचावर बसले, बोलले, हसले, पण वाद्ये आणली नव्हती.

प्रश्न : आम्ही सात-आठ मित्र महिन्यातून एकदा गच्चीवर जमून एक अल्बम ऐकतो. अल्बम क्रमानेच ऐकावा असा माझा आग्रह आहे, इतरांना गाजलेली गाणीच पुरेशी वाटतात. निवाडा द्यावा.
— एक वाचक, छत्रपती संभाजीनगर

उत्तर : निवाडा आपल्या बाजूने. मी आपल्याच शहरात वसतिगृहात होतो, तेव्हा एका दुकानातून ‘रिमेन इन लाइट’ साठ मिनिटांच्या कॅसेटवर भरून घेतला. अल्बम चाळीस मिनिटांचा आणि कॅसेटची एक बाजू तिसाची. दुकानदाराने दुसऱ्या बाजूला गझला भरल्या होत्या. ‘लिसनिंग विंड’ हे सातवे गाणे सुरू होऊन मिनिटभर चाले, त्यातला मोजीक नावाचा तरुण आपल्या देशातल्या परक्यांकडे रागाने पाहू लागे, आणि तेवढ्यात खट् आवाज होऊन फीत संपे. मोजीक पुढे काय करतो हे मला किती तरी वर्षे ठाऊक नव्हते. त्यानंतर ‘दि ओव्हरलोड’ नावाचे सहा मिनिटांचे आठवे गाणे आहे, याचा तर पत्ताच नव्हता. मला हा अल्बम भन्नाट नाचायचा वाटे. पूर्ण ऐकला तेव्हा कळले की तो नाचत नाचत एका अंधाऱ्या, जड पावलांच्या जागी जाऊन थांबतो. आपल्या मित्रांना शेवटची दोन गाणी गच्चीवरचा दिवा मालवून ऐकवा, आणि गाजलेल्या गाण्यांची मागणी त्यानंतरही राहिली तर मला पुन्हा लिहा.