हतनूरसाठी बारा फुटी प्लायवूडची होडी: एप्रिलमध्ये सुरुवात करू नका

तुमचा बेत असा: हतनूर धरणात चालवायला दोन माणसांची बारा फुटी होडी, ६ मिमी कमर्शियल प्लाय, फायबरवाल्याकडचं रेझिन आणि एप्रिलमध्ये भुसावळला गच्चीवर काम. आराखडा चांगला आहे. बाकी तिन्ही गोष्टी बदला.

कमर्शियल प्लायचा गोंद पाण्यात टिकत नाही. आयएस ७१० चा शिक्का असलेला मरीन प्लाय घ्या. शिक्क्यावरही विसंबू नका. कडेने पाहा, थरांमध्ये पोकळी दिसली तर ती शीट परत करा. एक तुकडा दिवसभर उकळा. थर सुटले तर सगळाच माल नाकारा.

फायबरवाल्याकडे मिळतं ते बहुतेक पॉलिस्टर. लाकडावर त्याची पकड कच्ची असते. ओल शिरली की पापुद्रा निघतो. इपॉक्सीच हवं, म्हणजे रेझिन आणि ते घट्ट करणारा हार्डनर असं दोन डब्यांचं, आणि हार्डनर ‘स्लो’, म्हणजे सावकाश घट्ट करणारा. प्रमाण डब्यावर असेल तेच, वजनकाट्यावर मोजून. वजनाचं आणि मापाचं प्रमाण वेगळं असतं, तेवढं बघून घ्या. लवकर सुकावं म्हणून हार्डनर वाढवू नका. जास्तीचा हार्डनर तसाच राहतो आणि थर कायम चिकट किंवा मऊ राहतो.

आता महिना. आपल्याकडे सगळ्यात जास्त कामं इथेच बिघडतात. तापमान १० अंशांनी वाढलं की इपॉक्सी हाताळायला मिळणारा वेळ साधारण निम्मा होतो. २५ अंशांना अर्धा तास देणारं मिश्रण ४५ अंशांना सात-आठ मिनिटांत हातचं जातं. मगमध्ये जास्त ठेवलं तर स्वतःच्याच उष्णतेने धुमसतं. म्हणून एका वेळी १५०-२०० ग्रॅमच कालवा आणि लगेच पसरट ट्रेमध्ये ओता. दुसरी अडचण लाकडातल्या हवेची. सकाळी हात मारला की दिवस तापतो, हवा फुगून बाहेर येते आणि थराला टाचणीएवढी भोकं पडतात. दुपार ओसरल्यावर, तापमान उतरत असताना पहिला हात मारा. हवा आकसते आणि रेझिन आत ओढलं जातं.

इपॉक्सीचं काम नोव्हेंबर ते फेब्रुवारीत, सावलीत करा. जानेवारीच्या रात्री पारा १०-१२ वर येतो तेव्हा ताडपत्रीखाली ऊब ठेवा, नाहीतर थर दोन दिवस ओलाच राहील. पावसाळ्यात वर मेणचट थर येतो. तो आधी साध्या पाण्याने काथ्याने घासून धुवा, मगच पॉलिश पेपर. उलट केलंत तर मेण आत घासलं जातं. एप्रिलच हातात असेल तर तो आखणी, कापणी आणि रंध्याला द्या. शीट आठ फुटी, म्हणून दोन शीट लांबीत जोडायला तिरका सांधा लागेल: जाडीच्या आठपट, म्हणजे ५० मिमी उतार.

कापलेले प्लायचे तुकडे एकमेकांना जोडायला कडेपासून १० मिमी आत, दर १५० मिमीवर २ मिमीचं भोक. पुढे बाक जास्त तिथे ७५ वर. तांब्याची तार ओवून हलकी पिळा. सगळं उभं राहिलं की चिकटवण्याआधी कर्ण मोजा आणि दोन सरळ पट्ट्या आडव्या ठेवून मागून डोळा लावा. पीळ आत्ताच निघतो, नंतर कधीच नाही. मग तारांच्या मधल्या जागी इपॉक्सीचे टिपके द्या, ते घट्ट झाल्यावर तारा काढा आणि सांधा भरा. भरायला इपॉक्सीत लाकडाचं बारीक पीठ आणि थोडी सिलिका. लगदा श्रीखंडाइतका घट्ट हवा, उभ्या सांध्यात घसरता कामा नये. सांध्याच्या आतल्या कोपऱ्यात लगद्याची गोलाई २०-२५ मिमी. लगदा ओला असतानाच ७५ मिमी रुंद काचकापडाची (फायबरग्लासची) पट्टी बसवा.

बाहेरून चौरस मीटरला २०० ग्रॅमचं काचकापड, आतून-बाहेरून इपॉक्सीचे तीन हात. कापलेल्या कडांना आणि भोकांना आधी इपॉक्सी पाजा. पाणी तिथूनच शिरतं. काठपट्टीला सातपुड्याचा साग उत्तम, पण तेलकट. चिकटवण्याआधी लगेच ॲसिटोनने पुसा. हातमोजे आणि मास्क रोज हवेत, कारण इपॉक्सीची ॲलर्जी एकदा जडली की जात नाही.

उन्हात इपॉक्सी खराब होतं, म्हणून रंग हवाच, आणि तो पांढरा किंवा फिका. घरी सुकलेलं साधं इपॉक्सी ५०-६० अंशांना मऊ पडू लागतं. मे महिन्यात गडद रंगाचा तळ ते सहज ओलांडतो. शेवटच्या हातानंतर आठवडाभर थांबून होडी पाण्यात उतरवा. पुढच्या आणि मागच्या टोकाला हवाबंद कप्पे ठेवा आणि धरणावर नेण्याआधी पाटबंधारे विभागाची परवानगी काढा.