क्रोशाचा सारीपाट प्रवासात न्यायचा असेल तर लोकर घ्यावी की सुती दोरा?

सुती दोराच घ्या. लोकर ताणली जाते, मग घरं वाकडी होतात आणि पट कडेने गोळा होतो. मी सांगलीत क्रोशा शिकवते, त्यावरून सांगते: सगळा पट मुक्या खांबाने, म्हणजे क्रोशाच्या आखूड, घट्ट टाक्याने विणा. घर चौकोनी यायला टाक्यांपेक्षा ओळी एखाद-दोन जास्त लागतात, म्हणून आधी एक घर विणून मोजाच. प्रत्येक पट्ट्यात 3 रांगा, रांगेत 8 घरं. चार पट्ट्यांची 96. मधल्या चौकाखाली नाडीची पिशवी जोडली की 16 सोंगट्या आणि कवड्या तिथेच राहतात. लाल दोरा मात्र आधी भिजवून बघा, रंग सुटतो. चालत्या एसटीत सोंगट्या घसरणारच. त्या अडकवायला घराघरात 96 टिचबटणं शिवण्यापेक्षा तिथे फुली-गोळा बरा.