संक्रांतीच्या वाणाला नानखटाईच्या बरण्या: 25 भरायच्या आधी एवढं वाचा

सेलूच्या ताई, तुमचा प्रश्न काल रात्री वाचला. यंदाच्या हळदी-कुंकवाला गाळण्या आणि प्लास्टिकचे डबे लुटायचे नाहीत, 25 बरण्यांत केक-बिस्किटांचं कोरडं मिश्रण भरून द्यायचंय, बाहेरून रंगीत थर दिसले पाहिजेत, महिनाभर टिकलं पाहिजे आणि ज्यांच्याकडं ओव्हन नाही त्यांनाही करता आलं पाहिजे. मी लातूरला हे सात-आठ वर्षं करतेय. त्यातली पहिली दोन फसलेली आहेत, म्हणून जरा लांबण लावते.

आधी एक स्पष्ट सांगते, केक नको. नानखटाई द्या. केकचं मिश्रण घरी नेलेल्या बाईला वर दही लागतं, तेल लागतं, दूध लागतं, भांडं लागतं. एक वस्तू कमी पडली की बरणी फळीवर जाते ती पुढच्या संक्रांतीपर्यंत. नानखटाईला वरून लागतं फक्त तूप, आणि ते आपल्याकडं घरोघरी असतं. शिवाय केक बसला तर चाकूनं खरवडून टाकावा लागतो. नानखटाई वाकडीतिकडी झाली तरी पोरं चहात बुडवून संपवतात.

तसं हे आपल्याला काही नवीन नाही. दिवाळीच्या आधी आई रवा, मैदा, साखर, डालडा मोजून पितळी डब्यात भरायची आणि आम्ही दोघी बहिणी तो डबा बेकरीवर घेऊन जायचो. आपलं सामान, भट्टी त्यांची, पैसे किलोवर. नंबर लागेपर्यंत बाहेर ओट्यावर बसायचं आणि आपलीच बिस्किटं दुसऱ्याच्या ट्रेमध्ये गेली नाहीत ना यावर डोळा ठेवायचा. भाजणीचं पीठ डब्यात भरून हॉस्टेलच्या पोरीला पाठवतो, तेही हेच. बरणीत फरक एवढाच की भट्टीपाशी उभ्या आपण नसतो. जी करणार आहे तिच्या स्वयंपाकघरात काय आहे आणि काय नाही, ते आपल्याला इथं बसून ओळखायचंय.

आता माप. अर्ध्या लिटरच्या एका बरणीला मैदा 80 ग्रॅम, ज्वारीचं पीठ 40, बेसन 30, बारीक रवा 20, पिठीसाखर 70. म्हणजे 240 ग्रॅम. वर अर्धा छोटा चमचा बेकिंग पावडर (मोजमापाच्या संचातला 5 मिलीचा चमचा, सपाट), चिमूटभर मीठ, वेलची आणि किंचित जायफळ. करताना यात साधारण 100 ग्रॅम साजूक तूप पडतं आणि पंधरा-सोळा नानखटाया होतात. तुमच्या 25 बरण्यांना मैदा 2 किलो, ज्वारीचं पीठ 1 किलो, बेसन पाऊण किलो, रवा अर्धा किलो आणि पिठीसाखर पावणेदोन किलो. साखर घरी दळणार असाल तर भरायच्या दिवशीच दळा, आधी दळून ठेवली की तिचे खडे होतात.

ज्वारी का, असं विचारतील. नानखटाईला चिकटपणा नकोच असतो, ती तोंडात विरघळायला हवी. ज्वारीला गव्हासारखा चिकटपणा नाही, म्हणून भाकरी थापताना ती आपल्याला रडवते आणि इथं मात्र कामी येते. हायब्रीड घेऊ नका. रब्बीची पांढरी, गोड ज्वारी घ्या, मालदांडी किंवा परभणी मोती. सेलूला ती मिळायला काय अडचण! गिरणीत आपला नंबर बाजरीनंतर येणार नाही एवढं बघा, नाहीतर पहिलं पावशेर पीठ करडं येतं.

या ज्वारीच्या पिठातच सगळी मेख आहे. दाण्याच्या कोंभात तेल असतं. दळलं की ते मोकळं होतं आणि काही दिवसांत पिठाला कडवट चव यायला लागते. म्हणून तर आपण भाकरीचं दळण थोडं थोडं आणतो. मैद्यातून कोंभ आणि कोंडा काढलेला असतो, तो बरेच दिवस टिकतो. बाजरी तर ज्वारीपेक्षाही लवकर कडू होते, ती यात घालूच नका. उपाय म्हणजे भाजणं. जाड बुडाच्या कढईत, मंद आचेवर, हात न थांबवता. सुरुवातीला पीठ जड लागतं, उलथन्याला चिकटतं. पाच-सहा मिनिटांनी हलकं होतं, कढईत पाण्यासारखं पळायला लागतं आणि गरम भाकरीचा वास येतो. तिथंच गॅस बंद. रंग बदलेपर्यंत थांबलात तर उशीर झाला. बेसन आणि रवाही असेच वेगवेगळे भाजा. एकत्र भाजले तर बेसन जळतं आणि रवा कच्चा राहतो. मैदा मी भाजत नाही, नवीन पुडा फोडून दोनदा चाळते. सोंड्यांची भीती वाटत असेल तर पुडा तीन-चार दिवस फ्रीजरमध्ये ठेवा. बाहेर काढल्यावर तो बंदच राहू द्या, पूर्ण नेहमीसारखा झाला की मग फोडा. गार पुडा लगेच फोडला की आत पाणी धरतं.

भाजलेली पिठं रात्रभर परातीत पसरून वर सुती कापड. कोमट असताना बरणी भरली तर झाकणाच्या आतून थेंब येतात, आणि बेकिंग पावडरला एवढं पाणी पुरतं. तिच्यात सोडा आणि आम्ल दोन्ही कोरडे एकत्र असतात, ओल लागली की तिथंच त्यांची फसफस होऊन जाते. मग भट्टीत फुगायला काही उरत नाही. डबा उघडलेला असेल तर आधी चमचाभर पावडर गरम पाण्यात टाकून बघा. जोरात फेस आला तर चांगली, नुसती तळाला बसली तर नवीन आणा.

आणि ही पावडर सहा किलो पिठात एकदम मिसळून नंतर वाटून घालू नका. पहिल्या वर्षी मी मोठ्या परातीत सगळं कालवलं होतं. एका मैत्रिणीची नानखटाई फुगून पसरली, दुसरीची खडा झाली, दोघी माझ्याकडंच बघत होत्या. छोटा वजनकाटा घ्या आणि प्रत्येक बरणीचं सामान वेगळं मोजा. कंटाळा येतो, पण दोघी-तिघी बसलात तर दुपारभराचं काम आहे.

थरांचं बोलते. फोटोतल्या बरण्यांत पांढरा, तपकिरी, काळा असे पट्टे असतात ते कोको, ब्राउन शुगर आणि चॉकलेटमुळं. आपल्या नानखटाईत पांढरं, मळकट पांढरं आणि पिवळसर. खरं सांगायचं तर हळदी-कुंकवाच्या गर्दीत ते कुणाच्या लक्षातही येत नाही. तरी हौस असेल तर तळाला मैदा आणि बेकिंग पावडर एकत्र करून, त्यावर ज्वारी, मग बेसन, मग रवा, सगळ्यात वर साखर आणि वेलची. प्रत्येक थर बत्त्याच्या सपाट बाजूनं हलकेच दाबायचा, नाहीतर स्कूटीवरून घरी जाईपर्यंत सगळं एक होतं. भरताना कागदाचं नरसाळं वापरा, काचेला पीठ चिकटलं की थराची कड दिसत नाही.

साखरेऐवजी गूळ घालण्याचा मोह होईल. मलाही झाला होता. दुसऱ्या वर्षी गौरी-गणपतीत नणंदेला गुळाच्या भुकटीचा मस्त सोनेरी थर घालून बरणी दिली. भर पावसाळा. गुळानं हवेतली ओल ओढली, खालच्या पिठाला दिली, आणि पंधरा दिवसांत आत वीट तयार झाली. नणंदेनं फोन केला, "वैनी, चमचा वाकला, आता बत्ता घ्यायलेय." ज्या ठिकाणी गूळ सोड्याला लागला होता तिथं पिवळे-तपकिरी डाग पडले होते ते वेगळंच. गुळाचीच द्यायची असेल तर भुकटी वेगळ्या पुडीत बांधून बरणीच्या गळ्याला लटकवा. काजू-शेंगदाणेही आत नकोत, त्यांचं तेल खवट होतं आणि सगळ्या पिठाला वास लागतो. वरून लावायला दोन पिस्ते वेगळ्या पुडीत दिले तर दिले.

तुम्ही संक्रांत निवडलीत हे फार बरं केलंत. जानेवारीत आपल्याकडं हवा कोरडी असते, तूपही घट्ट आणि रवाळ असतं. मे महिन्यात हेच मिश्रण दिलं तर तूप पातळ होतं आणि नानखटाई ट्रेवर पसरून एकमेकींना चिकटते. पीठ सैल वाटलं तर गोळे वीस मिनिटं फ्रीजमध्ये, एवढं चिठ्ठीत लिहाच.

बरण्या काचेच्या असतील तर उत्तम. आम्ही लातूरच्या गंजगोलाई बाजारात घाऊक भावानं घेतो. घरच्या कॉफी-मधाच्या चालतील, लोणच्याची मात्र नको. काच धुतली जाते, झाकणातलं रबर वर्षभर मोहरीचा वास सोडत राहतं. धुऊन दोन दिवस कडक उन्हात उलट्या नाही, सुलट्या ठेवा. उलट्या ठेवल्या की वाफ आत अडकते.

ओव्हन नसेल त्यांच्यासाठी: कुकर कोरडा तापवायला सांगू नका. सांगतात सगळे, पण माझ्या एका कुकरचं बूड त्यानं फुगलं, गॅसवर आता डुगडुगतो. जाड कढई, तळाला बोटभर जाड मिठाचा थर, त्यावर रिंग, घट्ट झाकण. दहा मिनिटं मध्यम आचेवर तापवायची, मग तूप लावलेल्या ताटलीत गोळे अंतर ठेवून, आच बारीक, वीस ते पंचवीस मिनिटं. ओव्हन असेल तर 160 अंशांवर साधारण अठरा मिनिटं. दोन्हीकडं नानखटाई बाहेर काढताना मऊच लागते. कच्ची समजून परत आत ढकलतात आणि करपवतात. ती गार झाल्यावर कडक होते.

चिठ्ठी मोठ्या अक्षरात, बरणीला दोऱ्यानं बांधलेली. आमच्या चिठ्ठीत एवढंच असतं:

"नानखटाईचं पीठ. मैदा, ज्वारी, बेसन, रवा, साखर आहे. परातीत ओता, हातानं एकत्र करा. घट्ट साजूक तूप 100 ग्रॅम (घोटून हलकं केलेलं) घालून मळा. पाणी किंवा दूध घालू नका. लिंबाएवढे गोळे, वरून अंगठ्यानं दाबा. मंद आचेवर 20–25 मिनिटं. गार झाल्यावरच उचला. शिवरात्रीच्या आत करा."

शिवरात्र मुद्दाम. तारीख लिहिली की बायका विसरतात, सण विसरत नाहीत.

शेवटचं. चोवीस बरण्या भरायच्या आधी एकच भरा आणि शेजारणीला तिच्या घरी करायला द्या. तुम्ही ओट्यापाशी उभ्या राहा, पण तोंड उघडू नका. माझी शेजारीण चिठ्ठी न वाचता थेट तांब्या घेऊन आली होती, कणीक मळतात तसं. "पाणी किंवा दूध घालू नका" ही ओळ त्या दिवशी चिठ्ठीत गेली.