नोटिशीवर कलम कोणतं आहे?

प्रिय मुली,

तुझं पत्र वाचलं. जागतिकीकरण समजून घ्यायला काय काय वाचू, असं तू तीन पानं भरून विचारलं आहेस आणि शेवटच्या दोन ओळींत घाईघाईने कळवलं आहेस की गावात जमिनी घेण्यासाठी एमआयडीसीची, म्हणजे राज्याच्या औद्योगिक विकास महामंडळाची, नोटीस आली. मी त्या दोन ओळींपासून सुरुवात करते, कारण तिथे मुदत चालू झाली आहे.

नोटिशीवर कलम कोणतं आहे ते आधी बघ. जमीन कुठल्या कायद्याने मागितली आहे, यावर पुढचं सगळं ठरतं. २०१३ च्या भूसंपादन कायद्याखालची प्राथमिक अधिसूचना असेल तर हरकतीला ६० दिवस मिळतात आणि खाजगी कंपनीसाठी जमीन घ्यायची असेल तर ८० टक्के बाधित कुटुंबांची संमती लागते. राष्ट्रीय महामार्गाच्या कायद्यात हरकतीला २१ दिवस. एमआयडीसी मात्र १९६१ च्या स्वतःच्या कायद्याने जमीन घेते, कलम ३२(२) ची नोटीस काढून, आणि त्या कायद्यात संमतीच्या टक्केवारीची अटच नाही. तेव्हा गावाला 'नाही' म्हणायला हरकत हीच जागा. ती प्रत्येक खातेदाराने वेगळी द्यायची, गट नंबर आणि क्षेत्र घालून, आणि आवक शिक्का मारलेली पोच घेऊनच ऑफिसातून बाहेर पडायचं. सरपंचाच्या लेटरहेडवर सगळ्यांच्या सह्यांचं एकच निवेदन वर्तमानपत्रात छापून येतं, पण सुनावणीत ते कमी पडतं.

हे सगळं कोरडं वाटेल तुला. पण रायगडमध्ये सेझविरुद्धच्या लढ्यात आम्ही जे मिळवलं, त्यात या कोरड्या कामाचा वाटा फार मोठा होता.

२००५ साली संसदेने सेझचा, म्हणजे विशेष आर्थिक क्षेत्रांचा, कायदा केला आणि २००६ च्या फेब्रुवारीत तो लागू झाला. सेझच्या कुंपणाआतली जमीन सीमाशुल्काच्या हिशेबाने देशाबाहेरची मानायची. तिथून निर्यात करणाऱ्यांना त्या नफ्यावर पहिली पाच वर्षं आयकर नव्हता, पुढची पाच वर्षं निम्माच. पेण, उरण आणि पनवेल तालुक्यांतली ४५ गावं रिलायन्सच्या महामुंबई सेझसाठी घ्यायचं ठरलं, तेही इंग्रजांच्या १८९४ च्या कायद्याने. एका कंपनीची वसाहत 'सार्वजनिक प्रयोजन' म्हणून कागदावर आली. तू ज्याला नवउदार आर्थिक धोरण म्हणतेस, ते आमच्याकडे असं आलं: तलाठ्याच्या हातातून, गट नंबर आणि हेक्टर-आर घेऊन. सभेत मी त्याला कधी मोठं नाव दिलं नाही. 'तुमच्या बांधावर कुंपण पडेल, आत कर माफ आणि तुम्ही बाहेर,' एवढं सांगितलं की म्हाताऱ्यांनाही पुरेसं व्हायचं.

त्या म्हाताऱ्यांना नवीन काहीच नव्हतं. उरणजवळच्या चिरनेरला १९३० च्या जंगल सत्याग्रहात गोळीबार झाला होता. अलिबाग तालुक्यात चरीच्या शेतकऱ्यांनी खोतांविरुद्ध, म्हणजे खंड वसूल करणाऱ्या जमीनमालकांविरुद्ध, १९३३ पासून काही वर्षं शेत पेरलंच नाही. नारायण नागू पाटलांचा तो संप, आणि बाबासाहेब त्याच्या पाठीशी उभे राहिले. १९८४ च्या जानेवारीत न्हावा-शेवा बंदराच्या वेळी जासई परिसरात पाच जण पोलिसांच्या गोळ्यांना बळी पडले. दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखालच्या त्या लढ्यातून घेतलेल्या जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित जमीन शेतकऱ्यांना परत देण्याचं तत्त्व आलं. तुझ्या गावातही असं काही घडलेलं असेल. ज्यांना आठवतं त्यांच्याकडे जाऊन बस. एखादा लढा जिंकून झालेला आहे हे ज्या गावाला ठाऊक असतं, ते सहज घाबरत नाही.

१८९४ च्या त्याच कायद्यात कलम ११-अ होतं. कलम ६ ची, म्हणजे जमीन घेणार हे पक्कं करणारी, घोषणा झाल्यापासून दोन वर्षांत निवाडा (भरपाईचा आदेश) झाला नाही, तर संपादनाची कारवाईच संपुष्टात. लढ्याचे नेते एन. डी. पाटील, उल्का महाजन आणि गावोगावच्या समित्या त्या दोन वर्षांत एक दिवस सुस्त बसल्या नाहीत. हरकती, सुनावण्या, मोर्चे, उपोषणं. पेणच्या २२ गावांनी आणखी एक मुद्दा धरून ठेवला: आमची जमीन हेटवणे धरणाच्या लाभक्षेत्रात आहे, पाणी द्यायचं सोडून तुम्ही ती पडीक कशी ठरवता? शेवटी २१ सप्टेंबर २००८ ला सरकारला त्या गावांत शेतकऱ्यांचं मत घ्यावं लागलं. अशा मतदानाला कायद्यात काही आधार नव्हता, लोकांनी ते पदरात पाडून घेतलं होतं. मत प्रचंड बहुमताने विरोधात गेलं. २००९ मध्ये मुदत उलटली आणि संपादन संपलं. (गोव्यात त्याआधीच, २००७ च्या ३१ डिसेंबरला, मुख्यमंत्र्यांनी सगळे सेझ रद्द करत असल्याचं जाहीर केलं होतं. तिथले लोक रस्त्यावरून हटले नव्हते.)

तुझ्याकडे आज ११-अ चालणार नाही, तो १८९४ चा कायदाच आता रद्द झाला आहे. पण प्रत्येक कायद्यात मुदती असतात. त्या शोध आणि वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेव.

आता सातबाऱ्याकडे वळते, कारण इथे खरा वेळ जातो. उतारा काढला की पहिली अडचण दिसते ती ही की खातेदार हयातच नाही. जमीन आजोबांच्या नावावर, वारस नोंद झालेली नाही, आत्यांकडून हक्कसोड लिहून घेतलेलं, मुंबईच्या चुलत्याचा पत्ता कुणाला ठाऊक नाही. नोटीस आजोबांच्याच नावाने निघते आणि हरकत कुणी घ्यायची यावर घरात भांडण लागतं. दलाल नेमका तिथे शिरतो, आणि तो परका नसतो, कुणाचा तरी भाचा किंवा मेहुणा असतो. म्हणून मोर्चाची तारीख ठरवण्याआधी उतारे आणि फेरफार घेऊन देवळाच्या ओट्यावर बसा. वारस नोंदीचे अर्ज तिथेच भरा. बायकांना बोलवा, आणि माहेरवाशिणींनाही. शिवाय ज्यांचं नाव कुठल्याच उताऱ्यावर नाही, दळीवर, म्हणजे डोंगरउतारावरच्या जंगलजमिनीवर, नाचणी घेणारा कातकरी, खाडीत शिंपल्या काढणारी बाई, त्यांची यादी वेगळी कर. २०१३ च्या कायद्याने अशा कुटुंबांनाही बाधित मानलं आहे. एमआयडीसी त्यांना मोजो वा न मोजो, गावाने मोजलंच पाहिजे.

बायकांबद्दल आणखी एक. १९९७ च्या जूनमध्ये, एन्रॉन या अमेरिकन कंपनीच्या दाभोळ वीज प्रकल्पाच्या वेळी, पोलिस गुहागरच्या वेलदूरमध्ये पहाटे घुसले. पुरुष बहुतेक समुद्रावर होते, मार आणि अटक बायकांच्या वाट्याला आली. समितीत त्यांना मागच्या रांगेत बसवायचं आणि पोलिस आले की पुढे करायचं, हे तुझ्या गावात होऊ देऊ नकोस. सही करणाऱ्या, पैशाचा हिशेब ठेवणाऱ्या आणि बोलणीला बसणाऱ्या माणसांत त्या निम्म्या असू देत.

एन्रॉनचा करार तर तू वाचच. वीज मंडळाने १९९३ च्या डिसेंबरात सही केली: वीज घेतली नाही तरी ठरलेला आकार द्यायचा, तोही डॉलरशी बांधलेला. प्रकल्प परवडणारा नाही म्हणून जागतिक बँकेनेही त्याच वर्षी कर्ज नाकारलं होतं. पुण्याच्या 'प्रयास' या अभ्यासगटाने त्यातलं गणित लोकांपुढे मांडलं. पुढे मंडळाला बिलं झेपली नाहीत, २००१ मध्ये प्रकल्प बंद पडला आणि त्याच डिसेंबरात एन्रॉन दिवाळखोरीत गेली. नफा कंपनीचा आणि जोखीम जनतेची, ही वाटणी कलमाकलमांत कशी लिहितात ते तिथे दिसेल.

तुझ्या वयाची पोरं म्हणतील, आम्हाला नोकरी पाहिजे. त्यांना दलाल म्हणू नकोस. बारावी होऊन रिक्षा चालवणाऱ्याला कारखान्याचं गेट आशेचं वाटतं, त्यात त्याचा दोष नाही. त्याच्यासोबत बसून शेजारच्या एमआयडीसीत किती स्थानिक लागले, कायम किती आणि कंत्राटी किती, हे माहिती अधिकारात मागव. अर्ज त्याच्या नावाने कर.

आणि दगड कुणी उचलू नये. सरकारी कामात अडथळ्याचा एक गुन्हा लागला की खटला वर्षानुवर्षं चालतो, आणि तो भोगते ती वीस वर्षांची पोरं.

एकदा जिंकलं म्हणजे संपलं असंही नाही. २०२४ मध्ये उरण, पेण, पनवेलची १२४ गावं कर्नाळा-साई-चिरनेर या सरकारने आखलेल्या नव्या शहराच्या नकाशात गेली, आणि तिथली माणसं पुन्हा उतारे काढून बसली आहेत. तुमची समिती मोडू नका, दर महिन्याला भेटा, वर्गणीचा हिशेब मोठ्याने वाचा.

पुस्तकांचं सावकाश बोलू. येत्या रविवारी नोटिशीची झेरॉक्स, गावाचा गाव नकाशा आणि ८-अचे उतारे घेऊन ये. येताना तुझ्या आत्यालाही आण. तिने हक्कसोडवर सही केली आहे की नाही ते आधी पाहू, मग हरकतीचा मसुदा करू.

तुझी,
ताई